बेपत्ता माणूस आणि सात वर्षांचा नियम

परवा वाडीतली एक बाई माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी नौकेवर खलाशी म्हणून गेला, तो परत आला नाही. नौका परत आली, बरोबरचे खलाशी परत आले. एका कचेरीत तिला सांगण्यात आले की नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही, म्हणून काही मिळणार नाही. सात वर्षे झाली की या. "गुरुजी, सात वर्सं थांबा म्हनतायत," ती म्हणाली. "सात वर्सं पोरांनी खायाचं काय?"

मी तिला बसवले आणि कागद पाहू लागलो. पण खरे सांगायचे तर माझे लक्ष कागदांवर नव्हते. मला माझी काकी आठवत होती. हाच प्रश्न तिने १९७८ साली विचारला होता. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि आमच्या घरात त्याचे उत्तर देऊ शकणारा एकही माणूस नव्हता. त्या बाईला जे सांगितले तेच इथे विस्ताराने लिहीत आहे. आपल्या वस्त्यांतून अशा बायका पुष्कळ आहेत आणि 'सात वर्षे' हे दोन शब्द त्यांच्या तोंडावर दार लावण्यासाठी वापरले जातात.

मांडवी म्हणजे जकात वसूल करण्याची जागा. म्हणून मांडव्या अनेक आहेत. मुंबईत आहे, कच्छमध्ये आहे आणि आमची रत्नागिरीची आहे. काळसर वाळूचा किनारा, समुद्रात शिरलेला धक्का, एका बाजूला भाट्याची खाडी, दुसऱ्या बाजूला रत्नदुर्ग. बंदरावर काय उतरले आणि काय चढले, याची नोंद ठेवणे हे मांडवीचे मूळ काम. मालाची नोंद पै-पैची होत असे. माणसाची नोंद कशी होते, हे मी माझ्या चुलत्यावरून शिकलो.

चुलता नारळी पौर्णिमेनंतर एका ट्रॉलरवर कामाला लागला. जाळे ओढायचे, मासळी निवडायची, बर्फ भरायचा. पगार ठरलेला नव्हता. मिळेल त्यातला वाटा. तिसऱ्या फेरीला नौका परतली ती त्याच्याशिवाय. तांडेलाने सांगितले, रात्री होता, सकाळी नव्हता. एवढेच. नौकेच्या कागदावर खलाशांची जी नावे होती त्यांत चुलत्याचे नाव नव्हते. म्हणजे कागदाच्या हिशेबाने जो नौकेवर चढलाच नाही, तो नौकेवरून पडणार कसा?

मग गावात बोलणे सुरू झाले. धक्क्यावर, चहाच्या टपरीवर, नळावर, एस.टी. स्टँडवर प्रत्येकाकडे हकीकत होती. कोणी म्हणे, मुंबईला पळाला, तिथे दुसरी बाई आहे. कोणी म्हणे, प्यालेला होता, तोल गेला. कोणी म्हणे, काहीतरी चोरले होते, भीतीने निघून गेला. म्हाताऱ्या म्हणत, गिऱ्ह्याने ओढला. त्यावेळी मला या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वाटल्या. आज विचार करतो तेव्हा दिसते की त्या सर्वांचे काम एकच होते. पळाला असेल तर दोष त्याचा. प्याला असेल तर दोष त्याचा. चोरले असेल तर दोष त्याचाच. आणि गिऱ्ह्याने ओढला असेल तर दोष कोणाचाच नाही. रात्रीच्या वेळी नौकेवर कठडा होता का, अंगावर तरंगण्याचे साधन होते का, माणूस दिसेना तेव्हा नौका मागे फिरवली का, बंदरात येताच वर्दी दिली का, हे प्रश्न एकाही हकीकतीत नव्हते. माणूस कोणत्या वाडीतला आहे हे कळले की गावाला चौकशीची गरज वाटेनाशी होते. आमच्या माणसाविषयी पळून जाणे, पिणे आणि चोरणे या गोष्टी गाव आधीच धरून चाललेले असते.

मुंबईची हकीकत मात्र पूर्णपणे हवेतली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोकणातला माणूस पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, नगरपालिकेच्या झाडूखात्यात. त्यातले काही खरोखर हरवले. पत्र थांबले, मनीऑर्डर थांबली आणि घरच्यांनी शोधायचे कुठे हे त्यांना कळले नाही. म्हणून 'मुंबईला असेल' या वाक्यात टोमणा होता तशी आशाही होती. माझ्या काकीने त्या आशेवर कुंकू पुसले नाही. ते पुसले नाही म्हणून विधवा म्हणून तिला काही मिळाले नाही, आणि नवरा नाही म्हणून सवाष्ण म्हणून कोणी मानले नाही.

समुद्रात माणसे नाहीशी होणे हे नवे नाही. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे 'वैतरणा' नावाची आगबोट निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'विजली' म्हणत. वादळात ती सातशेंहून अधिक माणसांसह नाहीशी झाली; तिचा सांगाडा मिळाला नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी आपल्याच किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' वाटेत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आठवड्यांनंतरही काही घरांतली माणसे वाट पाहत होती, कारण प्रेत आले नव्हते.

या मोठ्या दुर्घटनांत एक गोष्ट घडते. बोट गेली हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तीत बसलेला माणूस गेला हे मानायला कोणी कचरत नाही. चौकशी होते, वर्तमानपत्रे लिहितात, गाणी होतात. एकटा खलाशी रात्री पडतो तेव्हा बोट शाबूत परत येते. दुर्घटना झालीच नाही असा देखावा उभा राहतो आणि दुर्घटना सिद्ध करण्याचे ओझे त्याच्या बायकोच्या डोक्यावर येते.

आता त्या सात वर्षांकडे येऊ.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात दोन कलमे शेजारी शेजारी होती. कलम १०७ असे की एखादा माणूस गेल्या तीस वर्षांत जिवंत होता एवढे दिसले, तर तो मेला आहे असे जो म्हणतो त्याने ते सिद्ध करावे. कलम १०८ असे की, तो जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर स्वाभाविकपणे लागली असती अशा माणसांना सात वर्षे काहीच खबर लागली नाही, तर ओझे उलटते. तो जिवंत आहे असे जो म्हणतो त्याने ते सिद्ध करावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि हीच कलमे ११० व १११ या क्रमांकांनी त्यात आली. आशय बदललेला नाही.

ही कलमे नीट वाचली की लक्षात येते, सात वर्षांनंतर पुरावा लागत नाही, गृहीत धरले जाते. त्याचा अर्थ सात वर्षांच्या आत मृत्यू सिद्धच करता येत नाही, असा मुळीच नाही. माणूस नौकेवर होता, अमुक रात्री समुद्रात पडला, शोध घेतला, सापडला नाही, असे साक्षीदार सांगत असतील तर दिवाणी न्यायालय परिस्थितीवरून मृत्यू झाला असा निर्णय आधीही देऊ शकते. प्रेत हा मृत्यूचा एक पुरावा आहे, एकमेव नाही. माझ्या काकीला हे कोणी सांगितले असते, आणि तांडेलाचा जबाब त्याच आठवड्यात लिहून घेतला गेला असता, तर तिची सात वर्षे वाचली असती. जबाब लिहिला गेला नाही. पुढे तांडेल दुसऱ्या बंदरावर गेला.

आणि शासनाला घाई करायची असते तेव्हा सात वर्षे आड येत नाहीत. २०१३ साली उत्तराखंडात महापूर आला, २०२१ साली चमोलीत प्रलय झाला. हजारो, शेकडो माणसे बेपत्ता झाली. त्यांच्या घरच्यांना सात वर्षे थांबा असे सांगितले गेले नाही. खास पद्धत ठरवून, चौकशी करून, जाहीर हरकती मागवून मृत्यूचे दाखले देण्यात आले. हे योग्यच झाले. पण मग एकट्या खलाशासाठी चौकशी आणि हरकती मागवण्याची वाट का नसावी? सात वर्षे ही दैवी आज्ञा नव्हे. ती कागदाची सोय आहे, आणि ही सोय कोणाची पाहिली जाते हे वर दिसतेच.

सात वर्षे पुरी झाली तरी दाखला आपोआप घरी येत नाही. न्यायालयात दावा लावून तसे जाहीर करून घ्यावे लागते. त्यावेळी 'ज्यांना खबर लागली असती' ती माणसे कोण, हे दाखवावे लागते. काकीच्या वेळी वकिलाने विचारले, तो जिवंत असता तर घरी कशावरून आला असता? माझ्या आजीने उत्तर दिले की तो कुठेही असो, १४ एप्रिलला वाडीत येणारच होता. सात वर्षे आला नाही म्हणजे तो नाही. कायद्याचे ते कलम आजीला ठाऊक नव्हते. पण त्या कलमाचा अर्थ तिच्याइतका स्वच्छ मला पुढे कोणी सांगितला नाही.

आणखी एक बारकावा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सांगितले की मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख गृहीत धरता येत नाही. नाहीसा झाला त्याच दिवशी मेला, असे आपोआप ठरत नाही. ते वेगळे सिद्ध करावे लागते. म्हणून बेपत्ता माणसाची विमा पॉलिसी असेल तर हप्ते चालू ठेवावेत, नाहीतर मधल्या काळात ती बंद पडते आणि हक्कही बुडतो. पोट जाळायला पैसा नसलेल्या घराने हप्ते भरायचे, ही क्रूर गोष्ट आहे. पण ती माहीत नसणे त्याहून महाग पडते.

म्हणून पहिल्या दिवशी काय करायचे ते सांगतो. चोवीस तास थांबा, असा कोणताही नियम नाही. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद करावी आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी. वर्णन नीट द्यावे. गोंदण, जुनी जखम, दात, शर्टाचा रंग, गळ्यातला दोरा. समुद्राने घेतलेला माणूस प्रवाहाबरोबर दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात लागतो आणि तिथे 'अनोळखी' म्हणून त्याचा पंचनामा होतो. वर्णन जुळले नाही तर तो बेवारस ठरतो. रक्ताच्या नातेवाइकांनी डी.एन.ए. नमुना घ्या असा लेखी अर्ज करावा. बरोबरच्या खलाशांची नावे आणि पत्ते त्याच दिवशी वहीत उतरवावेत.

हरवलेले मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे नुसती नोंद पुरत नाही. अपहरण झाले असे समजून गुन्हाच दाखल करावा लागतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत घातपाताचा संशय असेल तर तो लेखी द्यावा. ठाण्यात घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावा, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. कोणी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर उच्च न्यायालयाची वाट आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्यासाठी ती वाट मुंबईऐवजी कोल्हापूरच्या खंडपीठाकडे जाते.

या सगळ्याच्या आधीची गोष्ट म्हणजे नाव. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. ती सुरक्षेसाठी होती. पण खलाशाच्या दृष्टीने तो नौकेवर होता याचा तोच पुरावा आहे. मच्छीमारांच्या अपघाती मृत्यूला ५ लाखांचे विमासंरक्षण देणारी केंद्राची योजनाही नोंद असलेल्या माणसापुरतीच असते. नौकेवर पाय ठेवण्यापूर्वी आपले नाव यादीत आहे की नाही हे पाहण्याची सवय आपल्या तरुणांनी लावून घेतली पाहिजे. गावाने शतकानुशतके आपल्याला नावाऐवजी जातीने ओळखले. कागदावर स्वतःचे पूर्ण नाव लिहून घेणे ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती.

काकीला दाखला मिळाला तेव्हा चुलत्याला जाऊन नऊ वर्षे झाली होती. १९८० साली सुरू झालेल्या निराधार योजनेत तिचे नाव त्यानंतर लागले. तोवर तिचा थोरला मुलगा शाळा सोडून त्याच धक्क्यावर बर्फाच्या लाद्या वाहू लागला होता. गावाचे बोलणे कधीच थांबले होते. बोलून झाले की गाव विसरते. लिहिलेले तेवढे उरते, आणि आमचे काहीच लिहिलेले नव्हते.

त्या बाईच्या पिशवीत पोलीस नोंदीची प्रत निघाली. सोबतच्या दोन खलाशांची नावेही एका चिठ्ठीवर निघाली. तिच्या मुलीने, जी आठवीत आहे, ती पहिल्या आठवड्यातच विचारून लिहून ठेवली होती. मी त्या मुलीला बोलावून घेतले आणि आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. सोमवारी आम्ही तिघे वकिलाकडे जाणार आहोत. दोन वर्षे झाली आहेत. उरलेली पाच थांबायची नाहीत, असे आम्ही ठरवले आहे.