घरगुती पत्रांचा ठेवा : वर्ध्याचें बजाज कुटुंब

कोणत्याही कर्त्या पुरुषाचें चरित्र लिहावयास बसलें म्हणजे चरित्रकारापुढें मुख्यतः तीन साधनें येतात : त्याचीं जाहीर भाषणें, इतरांनीं सांगितलेल्या आठवणी आणि त्याचीं खाजगी पत्रें. भाषण हजारोंच्या कानांसाठीं असतें, म्हणून तें सजविलेलें असतें. आठवणींवर काळाचा हात फिरतो. पत्र मात्र त्या दिवशीं, त्या एका माणसासाठीं लिहिलेलें असतें. पुढें काय घडणार हें लिहिणाऱ्यास ठाऊक नसतें. म्हणूनच तें अधिक विश्वासार्ह, आणि म्हणूनच अधिक नाजूकही.

हें समजून घेण्यास वर्ध्याच्या बजाज कुटुंबाचें उदाहरण फार उपयोगी पडतें. घराणें व्यापाऱ्याचें खरें. परंतु लेखणीशीं त्याचा संबंध तुटक नव्हता. १९२५ सालीं स्थापन झालेल्या ‘सस्ता साहित्य मंडळा’मागें जमनालालजी बजाज यांचा हात होता. त्यांच्या पत्नी जानकीदेवी यांनीं ‘मेरी जीवन-यात्रा’ हें आत्मचरित्र सिद्ध केलें. कन्या मदालसा यांचे पति श्रीमन्नारायण हे ग्रंथकार होते. विनोबा १९२१ सालीं वर्ध्यास आले, तेव्हांपासून या घराचा त्यांच्याशीं निकटचा संबंध राहिला.

या कुटुंबाच्या इतिहासाच्या उंबरठ्यावरच एक पत्र उभें आहे. जमनालालजींचा जन्म १८८९ सालीं राजस्थानांतील सीकरजवळच्या एका खेड्यांत झाला व ते लहानपणीं वर्ध्याच्या शेट बच्छराज यांच्या घरीं दत्तक आले. सतरा वर्षांचे असतांना एका लग्नास दागिने घालून जाण्यावरून वाद झाला. बच्छराजजींचे शब्द मनास लागले आणि मुलानें घर सोडलें; मागें एक पत्र ठेवून त्यानें संपत्तीवरील आपला हक्क सोडल्याचें कळविलें. बच्छराजजींनीं त्यास समजावून परत आणलें. दोघांचा समेट झाल्यावर तें पत्र फाडून टाकणें अगदीं स्वाभाविक होतें. तें राहिलें, म्हणूनच पुढें गांधीजींनीं ज्या विश्वस्तवृत्तीचा उपदेश केला तिचें बीज या तरुणांत आधींच होतें, हें दाखवितां येतें.

पत्राचा मायनाही पुष्कळ बोलतो. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या सुमारास जमनालालजींनीं गांधीजींस आपणांस पांचवा पुत्र मानावें अशी विनंती केली. चार पुत्र असलेल्या पित्यानें ती कशी स्वीकारली, हें १९२२ च्या मार्चमध्यें साबरमतीच्या तुरुंगांतून लिहिलेल्या पत्रांत दिसतें. अटक झालेली, खटला दोन दिवसांवर आलेला. अशा वेळीं गांधीजी लिहितात तें या नव्या नात्यानें पित्यावर पडणाऱ्या जबाबदारीविषयीं. ‘चिरंजीव’ हा एक शब्द येथें केवळ रीतीचा राहत नाहीं. ‘पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद’ या नांवानें काका कालेलकरांनीं हा पत्रसंग्रह १९५३ सालीं संपादित केला.

गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजींत शंभर खंड १९५८ ते १९९४ या काळांत निघाले. त्यांतील फार मोठा भाग पत्रांचा आहे. आणि तीं पत्रें मिळालीं तीं ज्यांनीं जपलीं त्यांच्याकडून. परंतु तेथें आवाज मुख्यतः एकाचाच ऐकूं येतो. पलीकडचा माणूस काय म्हणाला याचा तर्कच करावा लागतो. जमनालालजींच्या ‘पत्र-व्यवहारा’चे जे भाग त्यांचे पुत्र रामकृष्ण बजाज यांनीं प्रसिद्ध केले, त्यांचें महत्त्व याच ठिकाणीं आहे. प्रश्न व उत्तर तेथें शेजारीं वाचावयास मिळतात. त्यांतील एक भाग तर पति-पत्नींच्या पत्रांचा आहे. जानकीदेवींनीं सोन्याचे दागिने सोडले, पडदा सोडला, हें चरित्रांत एका ओळींत संपतें. पण पति वारंवार दौऱ्यावर किंवा तुरुंगांत असतां घर व मुलें सांभाळणाऱ्या स्त्रीला तो बदल कसा पेलावा लागला, हें कळण्यास पत्रांवांचून दुसरा मार्ग नाहीं.

मग प्रश्न उभा राहतो : पति-पत्नींचीं पत्रें जगानें वाचावीं काय? विदर्भांतच याचें दुसरें उदाहरण आहे. कवि अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि कुसुमावती देशपांडे हें जोडपें मराठी साहित्यांत अपूर्व. दोघांनींही साहित्य-संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें, अनिलांनीं १९५८ सालीं मालवणास व कुसुमावतींनीं १९६१ सालीं ग्वाल्हेरीस. त्यांचा विवाहापूर्वींचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नांवानें १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. कुसुमावती १९६१ सालींच निवर्तल्या होत्या. निर्णय हयात असलेल्या पत्रलेखकानें घेतला, हें येथें महत्त्वाचें. कायद्याचीही दृष्टि हीच आहे : पत्राचा कागद ज्यास तें आलें त्याचा, परंतु मजकूर छापण्याचा अधिकार लिहिणाऱ्याचा व त्याच्या पश्चात् वारसांचा. नीतीचा नियम याहून थोडा कडक असावा. ज्या हयात व्यक्तीस मजकुरानें दुःख होईल तिची संमति घ्यावी. गाळलेला भाग टिंबांनीं दर्शवावा. आणि लिहिणाऱ्याची भाषा सुधारण्याचा मोह टाळावा.

जपणें आणि छापणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. छापण्याची घाई नसली तरी चालेल. जाळलेलें पत्र मात्र पुनः मिळत नाहीं. घर बदलतांना वडिलांच्या पेटींतील गठ्ठा रद्दींत टाकण्यापूर्वीं एक दुपार द्यावी. पाकीट पत्रापासून वेगळें करूं नये, कारण पुष्कळदां साल टपालाच्या शिक्क्यावरच असतें. गंजणाऱ्या टांचण्या काढाव्या. घरांतील वृद्धांस विचारून, पत्रांत केवळ ‘ताई’ किंवा ‘अण्णा’ असें ज्यांस म्हटलें आहे त्यांचीं नांवें निराळ्या कागदावर लिहून ठेवावीं. हें काम मात्र तीं माणसें ओळखणारें कोणी घरांत आहे तोंवरच होऊं शकतें.