उजेडाच्या तारेतून पॅकेट वाट कशी काढते?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, पण बँकेत गेल्यावर "लिंक नाही, उद्या या" असे ऐकून परत फिरावे लागले, हा अनुभव पुष्कळांना आला असेल. अशा वेळी आपण म्हणतो, "सर्व्हर बंद पडला." पुष्कळदा सर्व्हर धडधाकट असतो, तुटलेली असते ती वाट. ही वाट कशी असते, तिच्यावरून माहिती कशी जाते आणि ती तुटली की काय होते, हे सभासदांना ठाऊक असावे म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

उदाहरण पनवेलचे घेऊ. घाटावरून साखर भरून न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना पनवेल तोंडपाठ आहे. आता तिथे माहितीचीही गोदामे उभी राहिली आहेत. जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर पनवेलजवळ सुरू झाले. डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक एका छपराखाली ठेवून अहोरात्र चालवण्याची जागा. समजा, तुम्ही मोबाईलवरून उसाच्या पानाचा फोटो पाठवला आणि तो पनवेलच्या अशा गोदामात जायचा आहे.

माहितीच्या मोळ्या

अख्ख्या फडाचा ऊस एका गाडीत येत नाही. मोळ्या बांधतो, गाड्या भरतो, प्रत्येक गाडीबरोबर चिठ्ठी देतो. माहितीचेही तसेच आहे. तिचे छोटे तुकडे करतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारण १,५०० अक्षरांएवढा माल मावतो. तीस लाख अक्षरांएवढा, म्हणजे ३ एमबीचा फोटो असेल तर सुमारे २,००० पॅकेटे होतात. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर कुणाकडून, कुणाकडे आणि कितवा तुकडा हे लिहिलेले असते. सगळी पॅकेटे एकाच रस्त्याने किंवा ओळीने पोचतीलच असे नाही. पलीकडचा संगणक नंबर पाहून ती जुळवतो. एखादे हरवले तर तेवढेच परत मागवतो. उसाच्या उलटलेल्या गाडीला हे जमत नाही. माहितीची मूळ प्रत मात्र पाठवणाऱ्याकडे असतेच.

नाक्यावरचा माणूस

पनवेलला रस्ते फुटतात. एक मुंबईला, एक ठाण्याकडे, एक उरणला, एक गोव्याकडे. माहितीच्या जाळ्यात अशा प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र असते. गंमत अशी की राउटरला पूर्ण रस्ता माहीत नसतो. त्याच्याकडे एक तक्ता असतो: या पत्त्याचे पॅकेट आले तर या दारातून पुढे द्यायचे, एवढेच. पुढचा नाका पुढचे बघतो. शेजारचे राउटर एकमेकांना सतत कळवत असतात की माझ्याकडून कुठं कुठं जाता येतं. एखादी वाट बंद झाली की ती बातमी पसरते आणि तक्ते बदलतात. कुणा साहेबाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

चुकलेले पॅकेट फिरतच राहू नये म्हणूनही सोय आहे. चिठ्ठीवर एक आकडा असतो. प्रत्येक नाक्यावर तो एकाने कमी होतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतात.

काचेची तार

नाक्यांमधला रस्ता काचेचा. केसाएवढ्या जाड काचेच्या तंतूतून उजेड उघडझाप करत जातो. शुद्ध काचेतून दूरवर संदेश नेता येतील हे चार्ल्स काओ या शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडले. त्याबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्या देशात टेलिफोन एक्सचेंज जोडणारी अशी पहिली तार १९७९ मध्ये पुण्यात टाकली गेली, ही आपल्या मुलुखाला अभिमानाची गोष्ट.

काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. चारशे किलोमीटरला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. वाटेत तो मंदावतो, म्हणून साधारण दर ऐंशी किलोमीटरला त्याला जोर द्यावा लागतो, उपसा योजनेत मधे पंप बसवतो तसा. शिवाय एकाच तंतूत डोळ्यांना न दिसणारे ऐंशी-नव्वद रंग एकदम सोडता येतात आणि प्रत्येक रंग स्वतंत्र वाहतूक नेतो.

उजेडाला थांबा नाही

इथे खरी अडचण आहे. काट्यावर गर्दी झाली तर गाड्या यार्डात उभ्या करता येतात. उजेड उभा करता येत नाही! आणि चिठ्ठी वाचायची तर पॅकेट क्षणभर थांबवावे लागते. म्हणून राउटरपाशी उजेडाची वीज करतात, पॅकेट स्मरणात ठेवतात, चिठ्ठी वाचतात आणि पुन्हा उजेड करून पुढे सोडतात. यात वीजही बरीच खर्ची पडते. त्यावर उपाय असा, की जो माल या नाक्यावर उतरायचाच नाही त्याचा अख्खा रंगच आरशांसारख्या साधनांनी परस्पर पुढच्या तारेत वळवायचा. बाह्यवळण रस्त्याने ट्रक गावात न शिरता जातात, तसेच हे.

दुसरी वाट हवी

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन केबल तुटल्या. भारतात इंटरनेट कमालीचे मंदावले, पण पूर्ण बंद पडले नाही. कारण पूर्वेकडून दुसरी वाट होती आणि वाहतूक तिकडे वळवता आली. राउटर कितीही हुशार असला तरी दुसरी वाट असेल तरच तो वळवणार.

आपल्या गावांचे दुखणे हेच आहे. पुष्कळ ग्रामपंचायतींना तालुक्याकडून एकच तार आलेली असते. ती जेसीबीच्या दातात सापडली की बँक, रेशन दुकान, सातबारा सारेच अडले. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायती रिंगणाने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने चालेल. आपल्या गावाचे रिंगण झाले का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

आणि एक गोष्ट आपल्याच हातची. पाइपलाइन टाकताना, चारी काढताना रस्त्याकडेला केबलची खूण दिसते का ते आधी पाहावे. ठेकेदाराला 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी ॲपवर खोदकामाची सूचना द्यायला सांगावे. हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झाले आहे. चुकून तार तुटलीच तर माती लोटून गप्प न बसता लगेच कळवावे. चार गावांचे पैसे त्या केसाएवढ्या तारेवरून येतात, एवढे सभासदांनी ध्यानात ठेवावे, ही विनंती.