मेलेल्या गायीचा भाव

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातले चिनावल हे केळीच्या पट्ट्यातले गाव. 4 ऑगस्ट 2022 रोजी तिथल्या गोठ्यांत लम्पी हा गुरांचा त्वचारोग सापडला, तेव्हा पोळा तीन आठवड्यांवर होता. 2020 मध्येही हा रोग राज्यात येऊन गेला होता, पण तेव्हा फारसे कुणी दचकले नाही. या खेपेला मात्र अंगभर गाठी, पायाला सूज आणि तोंडातून लाळ अशा खुणांची जनावरे जळगावातून अकोला, बुलढाण्याकडे आणि पुढे राज्यभर दिसू लागली. म्हशी बऱ्याच अंशी वाचल्या. झळ बसली ती गायी-बैलांना.

सरकारने मदत जाहीर केली ती आपत्ती निवारणाच्या जुन्या दरांवर बेतून: दुधाळ गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. महसूल आणि पशुसंवर्धन ही दोन्ही खाती तेव्हा राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडेच होती, त्यामुळे कागद निदान दोन मंत्र्यांत अडकणार नव्हता. संकरित गाय विकत आणायची तर 30 हजारांवर आणखी तेवढेच, बऱ्याचदा दुप्पटही घालावे लागतात. तरीही पूर्वीच्या साथींत पशुपालकाच्या हाती काय पडायचे ते आठवले, तर ही रक्कम मी क्षुल्लक म्हणणार नाही.

माझी तक्रार रकमेबद्दल नाही. ही मदत जनावर मेल्यावरच मिळत होती. गाय मेली की पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, बँकेचे पासबुक. आणि प्रेत तर लवकर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, म्हणजे पंचनाम्याची माणसे येईपर्यंत ताटकळायचे की पुरायचे हा पेच. पण गाय वाचली तर? महिनाभर गोठ्यातून न हललेली, दूध आटलेली, सडांवर व्रण राहिलेली, गाभ टाकलेली गाय पंचनाम्यात कुठेच बसत नाही. औषधे आणि लस फुकट, हे खरे. पण डेअरीवर घालायला दूधच नाही, त्या दिवसांचा हिशेब कुठल्याच रकान्यात नव्हता. दूध पिऊन माणसाला लम्पी होतो ही आवई उठली, ती वेगळीच. तसे काही होत नाही, हे पशुसंवर्धन खात्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

दुसरी गंमत बाजाराची. रोग पसरू नये म्हणून सप्टेंबरात जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली, आणि ते बरोबरच होते. पण ज्याच्या खात्यात पैसे लवकर पडले, त्याने गाय आणायची कुठून? गोठ्यातला पैसा अशा वेळी गोठ्यात थांबत नाही. खताच्या दुकानात नाहीतर सोसायटीच्या हप्त्यात जातो. दरांचे म्हणाल तर त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने आपत्तीतल्या मदतीचे दर वाढवले: दुधाळ जनावराला 37,500, ओढकामाच्या जनावराला 32,000, वासराला 20,000.

गोवंशाला शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याची मोहीम राज्यभर पार पडली आणि हिवाळ्यात साथ ओसरली. 2023 च्या पावसाळ्यात लम्पी परतला, तेव्हा त्याने वासरे अधिक धरली; त्यांतली बरीच आदल्या वर्षीच्या लसीकरणानंतर जन्मलेली. वासरू दूध देत नाही, नांगर ओढत नाही. मदतीच्या रकान्यात ते कसेबसे बसले, पण दोन-अडीच वर्षांनी त्याची झाली असती ती गाय कुणी मोजली नाही.