आधी रस्ता सांगा!

पुणे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, तेव्हा नवी सायकल हा घरातला मोठा खर्च असे, पण निवडीचा घोळ फारसा नसे. बावीस इंची की चोवीस इंची, आणि हर्क्युलस, रॅले, अ‍ॅटलस, हीरो यांतली कोणती, एवढंच ठरवायचं. डायनॅमो, कॅरिअर, चेनकव्हर बसवून घेतलं की पुढची कित्येक वर्षं निश्चिंती. आज दुकानात शिरलं की हायब्रिड, रोड, एमटीबी (माउंटन बाइक), ग्रॅव्हल, फोल्डिंग, ई-सायकल अशी रांग उभी असते. किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. चाळिशीत पुन्हा सायकलकडे वळणारा माणूस, कॉलेजला निघालेली मुलगी, निवृत्तीनंतर सकाळी फेरी मारू पाहणारे काका, सगळेच इथे थबकतात.

दुकानदार त्याच्याकडे असलेला माल दाखवणार, ते स्वाभाविकच आहे. म्हणून रोज सायकल चालवणाऱ्यांचा सल्ला मोलाचा. तुमच्या रस्त्यावरचे खड्डे, चढ आणि चिखल त्यांच्या पायाखालून गेलेले असतात. असा अनुभवी सायकलस्वार कंपनीचं नाव घेण्याआधी तीन गोष्टी विचारतो: कुठे चालवणार, एका वेळी किती चालवणार आणि बरोबर काय नेणार? या तिन्हींची उत्तरं तयार असली, तर निम्मी खरेदी झाली असं समजा.

सल्ला कुणाचा?

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत लांब पल्ल्याच्या सायकलिंगने चांगलंच मूळ धरलं आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. गावोगावी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशा त्यांच्या मर्यादा असतात. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही जाते.

या मंडळींकडून शिकण्यासारखं खूप आहे. मात्र ६०० किलोमीटर चालवणाऱ्याची गरज वेगळी आणि कोथरूडहून शिवाजीनगरला कामावर जाणाऱ्याची वेगळी. म्हणून एकाच्याच सल्ल्यावर थांबू नका. तुमच्यासारखाच वापर असलेल्या निदान दोघांना भेटा. ‘कोणती घेऊ?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमच्या सायकलीत वर्षभरात काय बिघडलं, दुरुस्तीला किती खर्च आला, सुटा भाग मिळायला किती दिवस लागले?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला प्रत्येकजण आपापल्या सायकलीचं नाव सांगतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र अनुभवातूनच द्यावं लागतं.

रस्ता तशी सायकल

शहरातल्या रोजच्या पाच-दहा किलोमीटरसाठी हायब्रिड ही सर्वांत निर्धोक निवड. सरळ हँडल, जरा ताठ बसण्याची ठेवण, ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर, आणि मडगार्ड-कॅरिअर बसवायला फ्रेमवर आटे. हे आटे आहेत की नाहीत ते घेण्याआधीच पाहा; नंतर पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ उमटल्यावर त्यांची आठवण होते. साडी नेसून किंवा सलवार घालून चालवायची असेल, तर खाली झुकलेल्या दांड्याची फ्रेम आणि पूर्ण चेनकव्हर असलेली साधी सायकल हाच सरळ मार्ग. तिला जुनाट म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

डांबरी रस्त्यावर लांब आणि वेगात जायचं असेल, तर वळलेल्या हँडलची रोड सायकल. तिचं वजन साधारण ९ ते ११ किलो भरतं आणि वारा कापायला ती बरी. पण तिचे टायर अरुंद. २८ मिलिमीटरचा टायर मावेल अशीच फ्रेम घ्या, आपल्या रस्त्यांना त्याहून बारीक टायर सोसत नाही. डांबरी आणि कच्चा असा दोन्हीचा मोह असेल, तर ग्रॅव्हल सायकल योग्य.

नवखा माणूस हमखास अडकतो तो एमटीबीपाशी. जाड टायर, पुढे सस्पेन्शन; दिसायला दणकट. मात्र स्वस्त एमटीबीचा सस्पेन्शन फोर्कच दोन किलोंहून जड असतो आणि चढावर जोर लावला की तो खाली-वर होत पायांची ताकद खातो. डोंगरातल्या पायवाटा खरोखरच तुडवायच्या असतील, तर चांगल्या प्रतीचं सस्पेन्शन घ्या. शहरात खड्ड्यांचा त्रास कमी करायचा असेल, तर साधा फोर्क आणि थोडे रुंद टायर पुरतात.

गुडघे दुखतात किंवा घर टेकडीवर आहे, अशांनी ई-सायकलचा विचार जरूर करावा. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर तिला वाहननोंदणी लागत नाही.

अंगाला बसते का?

किमती सायकल चुकीच्या मापाची असेल तर तिच्यात पैसे घालण्यात अर्थ नाही. चाकाचा आकार आणि फ्रेमचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २६, २७.५, २९ किंवा ७०० हे आकडे चाकाचे. २९ इंची आणि ७००सी ही दोन्ही चाकं तर ६२२ मिलिमीटरच्या एकाच मापाच्या रिमवर चालतात. तुम्हाला पाहायची ती फ्रेम. दांडा मधे घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहा. रोड किंवा हायब्रिडमध्ये दांडा आणि जांघ यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर, एमटीबीमध्ये निदान पाच सेंटिमीटर जागा उरली पाहिजे.

सीटच्या उंचीसाठी एक हिशेब जगभर चालतो. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहा, जांघेत पुस्तक आडवं धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. पायडलच्या मधल्या अ‍ॅक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवा. ‘टूर द फ्रान्स’ तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडने ही रीत लोकप्रिय केली. जांघेचं माप ८० सेंटिमीटर असेल, तर सीट ७०.६ सेंटिमीटरवर. तिथून थोडं वर-खाली करून पाहा. गुडघा पुढून दुखू लागला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर.

हात जास्त ताणले जात असतील, तर फ्रेम तुमच्यासाठी लांब आहे. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, बदलून थोडा फरक पडतो, फार नाही. लहान चणीच्या सायकलस्वारांनी, विशेषतः महिलांनी, ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं सहज पोचतात का ते पाहावं. बहुतेक लिव्हरना अंतर कमी करायचा छोटा स्क्रू असतो, पण दुकानात तो कुणी आपणहून फिरवून देत नाही.

घाट आणि गिअर

एकवीस गिअर, चोवीस गिअर, सत्तावीस गिअर: ही आकडेमोड विसरा. सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, एवढं विचारा. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेली बिनगिअरची साधी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. रोड सायकलवर पुढे ३४, मागे ३२ लावले, तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर. मिनिटाला ६० फेरे मारत राहिलं, तर ताशी आठ किलोमीटरच्या गतीने माणूस न थांबता चढतो. पुण्याहून सिंहगडाचा १३१२ मीटर उंचीचा माथा गाठायचा तर हीच संथ चाल कामी येते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ हा किताब मिळतो. आपल्याला राजा व्हायचं नसलं, तरी गुडघे शाबूत ठेवून वर पोचायचं असतं. सागरी महामार्गाने दिघी, दाभोळ, जयगडच्या जेट्ट्या ओलांडत कोकणात उतरायचा बेत असेल, तर मागे ३४ किंवा ३६ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लावून घ्या. तिथले चढ लांबीने छोटे, पण अंगावर येणारे.

गिअरच्या सुट्या भागांत जपानच्या शिमानो कंपनीचा वरचष्मा आहे. रोडसाठी क्लॅरिस, सोरा, टिआग्रा, १०५ अशी चढती पायरी. हायब्रिड आणि एमटीबीसाठी टूर्नी, अल्टस, अ‍ॅसेरा, अलिव्हिओ, डिओर. २०२३ पासून यांतल्या काही पायऱ्यांची जागा ‘क्यूज’ ही मालिका घेऊ लागली आहे. रोजच्या वापराला अल्टस, अ‍ॅसेरा किंवा क्लॅरिस पुरेसे आहेत. मागचं चाक पाहताना मात्र एक बारकावा विचारा: आट्यांवर बसणारं सात गिअरचं फ्रीव्हील आहे की कॅसेट? फ्रीव्हीलच्या हबमध्ये बेअरिंग आतल्या बाजूला असतं, त्यामुळे खड्ड्यांत, ओझं असताना अ‍ॅक्सल वाकण्याचा धोका अधिक. सामान लादून फिरायचं तर कॅसेट हवी.

ब्रेक आणि टायर

कोरड्या रस्त्यावर रिमचे ब्रेक उत्तम काम करतात, दुरुस्तीही गल्लीतल्या दुकानात होते. पावसात मात्र रिम ओली झाली की ब्रेक लागायला क्षणभर उशीर होतो, आणि लाल मातीचा चिखल रिम घासून काढतो. सह्याद्रीत पावसाळी राइड करणाऱ्यांनी डिस्क ब्रेक घ्यावेत. हायड्रॉलिक डिस्कला बोटांचा जोर कमी लागतो, पण ऑइल बदलायला जाणता मेकॅनिक लागतो. तो तुमच्या गावात नसेल तर केबलवरच्या डिस्क बऱ्या. डिस्कवर चेनचं तेल उडू देऊ नका. नव्या डिस्क ब्रेकना आधी सपाटीवर वेग घेऊन अनेकदा हळूहळू दाबून बसवून घ्या, मगच घाट उतरा.

हवेचा दाब हा फुकटातला सर्वांत मोठा लाभ. टायरच्या कडेवर मर्यादा छापलेल्या असतात; त्यांच्या आत, आपल्या वजनाप्रमाणे दाब ठेवा. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते, फार जास्त असेल तर प्रत्येक खडा मनगटात बोलतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा असेल, तर पेट्रोलपंपावरच्या नळीने हवा भरता येत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो. तो पाकिटात ठेवून द्या.

डोक्यापासून पायापर्यंत

सायकलीसाठी जेवढी रक्कम ठरवली असेल, तिचा निदान पाचवा हिस्सा साहित्यासाठी बाजूला काढा. पहिला मान हेल्मेटचा. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी यांपैकी एखाद्या मानकाचा शिक्का पाहा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळ झाकून बसलं पाहिजे आणि पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटं शिरतील इतका घट्ट. आतला फोम आदळताना चुरून डोक्याचा धक्का सोसतो, म्हणून एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.

दुसरा मान दिव्यांचा: पुढे पांढरा, मागे लाल, आणि पहाटे-संध्याकाळी अंगावर चकाकणारं जाकीट. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा हँडलच्या उजव्या टोकाला आरसा लावा.

तिसरं, पॅड असलेली शॉर्ट्स. ती अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते. नाहीतर शिवणीमुळे कातडी सोलते. बसायला दुखतं म्हणून जाड, मऊ सीट घेण्याचा मोह टाळा. बसण्याच्या हाडांना आधार हवा असतो, फार मऊ सीटमध्ये ती रुततात आणि नाजूक भागावर दाब येतो. आपल्या हाडांमधल्या अंतराला साजेशी रुंदी निवडा. हातमोज्यांमुळे तळहाताच्या कडेची नस वाचते आणि करंगळी बधिर होत नाही.

सीटखालच्या पिशवीत एक जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, टायर काढायचे दोन लिव्हर, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की आणि छोटा पंप असू द्या. ट्यूब बदलायला घरीच शिकून घ्या. सायकलस्वारांच्या गटातला कुणीही आनंदाने शिकवेल. क्लिपलेस पायडल, महागडं घड्याळ, परदेशी जर्सी यांना काही महिने थांबता येतं.

जुनी घ्यायची तर

सायकलस्वारांमध्ये सेकंडहँड सायकली बऱ्याच फिरतात, आणि कमी पैशांत चांगली सायकल मिळवायचा हा उत्तम मार्ग आहे. बिल मागा आणि पायडलच्या अ‍ॅक्सलखालच्या नळीवर कोरलेला फ्रेमचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहा. हँडलजवळचे फ्रेमचे जोड निरखा. तिथे रंगाला केसासारखी चीर दिसली, तर निघून या. चेनच्या एका पिनेपासून तिच्या पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत मोजा: नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच असतं. ते इंचाच्या एक अष्टमांशाने वाढलं असेल, तर चेनबरोबर कॅसेटही बदलावी लागण्याची शक्यता आहे. तेवढे पैसे किमतीतून वजा करा. चाक उचलून फिरवा, आउट किती आहे ते ब्रेकच्या रबराजवळ लगेच कळतं. तपासायला गटातला एखादा जाणकार सोबत न्या.

नवी असो वा जुनी, विकत घेण्याआधी पंधरा-वीस मिनिटं खऱ्या रस्त्यावर चालवून पाहा, शक्य असेल तर एखाद्या चढावर. पहिल्या महिन्यानंतर केबली सैल पडतात आणि आरे बसतात, म्हणून सर्व्हिसिंग चुकवू नका. आणि शेवटचा निर्णय घेताना दोन सायकलींत अडलात, तर जिची दुरुस्ती तुमच्या गावात होते ती घ्या. बिघडल्यावर महिनाभर सुट्या भागाची वाट पाहत उभी राहणारी भारी सायकल सवय मोडते. संध्याकाळी दुरुस्त होऊन सकाळी पुन्हा रस्त्यावर येणारी साधी सायकल सवय लावते, आणि सायकलीचे पैसे वसूल होतात ते त्या सवयीतूनच.