घरच्या मिक्सचा आवाज का फाटतो?
बीड, परळी, अंबाजोगाईकडे वराती-मिरवणुकांचे मिक्स घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड होतात. डिजिटल रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा ० डेसिबल. त्यापुढे ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो. नंतर मास्टर व्हॉल्यूम कमी करून तो सांधता येत नाही.

कॅसेटवरून उतरवलेले जुने गाणे बारीक, नवे रीमिक्स दणदणीत. म्हणून आधी प्रत्येक गाण्याचा गेन (मूळ पातळी) जुळवायचा. फेडर (सरकपट्टी) फक्त गाणी एकमेकांत मिसळण्यासाठी. सारख्या पातळीच्या दोन गाण्यांचे ठोके तंतोतंत जुळले, तर पातळी जास्तीत जास्त ६ डेसिबलने चढते. त्यामुळे एकट्या गाण्याचा सर्वांत मोठा ठोका उणे ६च्या खालीच हवा. हलगी तर क्षणात उसळते. मीटरवर तिचाच ठोका पाहून गेन लावावा. २४ बिटमध्ये कमी पातळीवर रेकॉर्डिंग केले तरी खरखर जाणवण्याइतकी वाढत नाही, आवाज शेवटी चढवता येतो.