चावी मिळते, ड्रायव्हर मिळत नाही

दापोड्यात गाडी हवी असली की फोन फिरवला जातो. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात, मानकोली-वळ-गुंदवलीच्या शेजारात वाढलेल्या मुलाने भाड्याची गाडी कायम अशीच येताना पाहिलेली असते. छोटा हत्ती असो, चौदा फुटी टेम्पो असो की लग्नाची इनोव्हा, गाडीबरोबर ड्रायव्हर असतोच. भाडं ठरतं, माल पोचतो. वाटेत गाडी घासली, चलन आलं, कुणाला धक्का लागला तर तो गाडीमालकाचा आणि त्याच्या विमा कंपनीचा विषय. भाडं देणारा त्यात नसतो.

हाच मुलगा एमएस करायला टेक्सासला किंवा कॅलिफोर्नियाला गेला की हे गणित उलटं होतं. तिथे काउंटरवर मिळते ती फक्त चावी. बाकी सगळी जबाबदारी सही करणाऱ्याची.

2023-24 या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत भारताचे 3,31,602 विद्यार्थी होते. 2009 नंतर पहिल्यांदाच त्या वर्षी आपण चीनला मागे टाकलं. ठाणे जिल्ह्यातली मुलंही त्यात आहेत. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो सोडलं तर बहुतेक विद्यापीठांची गावं गाडीशिवाय अवघड. किराणा दुकान चार मैलांवर, बस तासाला एक, रविवारी तीही नाही. पण दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मध्ये तीन महिन्यांची इंटर्नशिप आणि पुढे कुठे नोकरी लागेल ते ठाऊक नाही, अशा अवस्थेत गाडी घ्यायची कशी?

आधी लायसन्स. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचं लायसन्स फक्त दुचाकीचं असतं. ते तिथे गाडी भाड्याने घ्यायला निरुपयोगी. कार्डावर एलएमव्ही, म्हणजे चारचाकीची नोंद हवी. कार्डही खरं हवं, कारण डिजिलॉकरमधलं चित्र काउंटरवर चालत नाही. दुसरी अडचण नावाची. आपण मधे वडिलांचं नाव लावतो. पासपोर्टवर ते एका खान्यात असतं, लायसन्सवर दुसऱ्या क्रमाने, कधी नसतंच. भारतात याची कुणी दखल घेत नाही, तिथे घेतात. जाण्याआधी दोन्ही कागद जुळवून घेतलेले बरे.

आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, आरटीओत फॉर्म 4ए भरून मिळतो. शुल्क 1,000 रुपये, मुदत फार तर एक वर्ष. 2022 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने देशभर त्याचा एकच नमुना केला आणि त्यावर क्यूआर कोड आला. तो मूळ लायसन्सचा भाषांतरित सोबती आहे, स्वतंत्र लायसन्स नव्हे. आपलं लायसन्स इंग्रजीत असल्याने अनेक ठिकाणी तो मागतही नाहीत, पण मागितला आणि नसला तर गाडी मिळत नाही.

भारतीय लायसन्सवर किती दिवस चालवता येतं, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्यासारख्या देशांच्या पाहुण्यांना आल्यापासून एक वर्ष. टेक्सासला राहायला आलेल्यांना 90 दिवस. कॅलिफोर्नियात ‘रहिवासी’ ठरलात की 10 दिवसांत तिथलं लायसन्स घ्यायचं. न्यूयॉर्क मात्र परदेशी विद्यार्थ्याला सहसा रहिवासी धरत नाही. त्यामुळे ‘माझा मित्र वर्षभर तसाच चालवत होता’ हा सल्ला कामाचा नाही. मित्र कुठल्या राज्यात होता ते विचारा. तिथलं लायसन्स काढायला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो असा समज आहे. कॅम्पसवर नोकरी नसलेल्याला तो मिळत नाही, पण ‘हा अपात्र आहे’ असं त्या कार्यालयाचं पत्र बहुतेक राज्यांत चालतं. पोचल्या पोचल्या धावू नये, एवढंच. विद्यापीठाने सेविस या संगणकीय नोंदीत तुमची हजेरी लावल्याशिवाय डीएमव्हीला, म्हणजे तिथल्या आरटीओला, तुम्ही सापडत नाही.

एक-दोन दिवसांचं काम असेल तर भाड्याची गाडी किंवा तासावर मिळणारी. झिपकार ही सेवा 2000 साली केंब्रिजमध्ये, म्हणजे हार्वर्ड आणि एमआयटीच्या दारातच सुरू झाली आणि अनेक कॅम्पसवर तिच्या गाड्या उभ्या असतात. भाडेकंपन्यांचं वयाचं बंधन साधारण 21 आणि 25 च्या आतल्यांना रोजचा जादा आकार. एमएसला जाणारं आपलं पोर बहुधा बावीस-तेवीसचं, म्हणजे हा आकार भरणाऱ्यांतच. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवतात. घरून नेलेलं फॉरेक्स कार्ड इथे बऱ्याचदा नाकारलं जातं.

मग काउंटरवरचा माणूस विम्याची तीन-चार नावं भराभर म्हणतो आणि थकलेला विद्यार्थी पैसे वाचवण्यासाठी सगळ्याला नाही म्हणतो. इथे थांबायला हवं. आपल्याकडे अपघातात कुणी दगावलं तर थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादा नसते. न्यायाधिकरण सांगेल ती रक्कम कंपनी भरते. अमेरिकेत मर्यादा असते आणि ती तोकडी असते. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून सक्तीचं किमान संरक्षण एका जखमी माणसासाठी 30,000 डॉलर, सगळ्यांसाठी मिळून 60,000 आणि मालमत्तेसाठी 15,000 झालं. त्याआधी ते 15,000, 30,000 आणि 5,000 होतं. तिथल्या इस्पितळाचं बिल पाहिलेल्याला हे आकडे किती टिकतील ते सांगायला नको. वरची रक्कम चालवणाऱ्याच्या डोक्यावर. भाडेकंपनीकडे बोट दाखवून फारसा उपयोग नाही, कारण 2005 च्या ‘ग्रेव्हज दुरुस्ती’ या केंद्रीय कायद्याने, कंपनीची स्वतःची चूक नसेल तर, गाडीची मालक म्हणून तिला जबाबदारीतून मोकळं केलं आहे.

म्हणून गाडीच्या पत्र्याचं नुकसान माफ करणारं कलम आणि समोरच्याला झालेल्या इजेचा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त महत्त्वाची. क्रेडिट कार्डाबरोबर येणारं संरक्षण असलंच तर पत्र्याचं असतं. करारात नाव नसलेल्या रूममेटला ‘जरा तू चालव’ म्हटलं की पहिलं कलमही बहुधा गळून पडतं.

इंटर्नशिपच्या तीन महिन्यांचा प्रश्न खरा अवघड. लीजची जाहिरात मोहात पाडते, पण लीज दोन-तीन वर्षांचं असतं आणि मध्येच सोडायला दंड. अल्पमुदतीसाठी तो मार्ग नव्हेच. महिन्याच्या दराने भाड्याची गाडी मिळते, विम्यासकट हिशेब मात्र फुगतो. खासगी माणसाची गाडी ॲपवरून भाड्याने घेण्याची टुरोसारखी सोय तिथे कायदेशीर आहे. (आपल्याकडे पांढऱ्या पाटीची गाडी पैशाने दुसऱ्याला चालवायला देणं बेकायदा, 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्याला किमान 50 गाड्यांचा ताफा लागतो. गोव्यातल्या भाड्याच्या गाड्यांच्या काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांचं कुळ तेच.)

चार-सहा महिन्यांहून जास्त गाडी लागणार असेल तर माझं मत जुनी टोयोटा किंवा होंडा विकत घेऊन जाताना विकण्याच्या बाजूने आहे. तिथे विम्याची पॉलिसी सहा महिन्यांची मिळते आणि मध्येच रद्दही करता येते. अट एकच, घेण्याआधी शंभर-दीडशे डॉलर मेकॅनिकला देऊन तपासणी करून घ्यायची आणि ‘टायटल’ हा मालकीचा कागद विकणाऱ्याच्याच नावावर, कर्जमुक्त आहे ना ते पाहायचं. विकतानाही डीएमव्हीला कळवायचं. कॅलिफोर्नियात त्याला पाच दिवसांची मुदत आहे. नाहीतर भारतात परतल्यावरही नव्या मालकाचे दंड तुमच्या नावावर.

चालवण्याबद्दल थोडंसंच. मानकोली नाक्यावर कंटेनरच्या चाकांमधून वाट काढणाऱ्याला अमेरिकन रस्ता सोपा वाटतो आणि तिथेच तो चुकतो. स्टॉपच्या पाटीपाशी रस्ता मोकळा दिसला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. पिवळी स्कूलबस लाल दिवे लावून उभी असेल तर, मधे दुभाजक नसल्यास, समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. पोलिसाने अडवलं तर खाली उतरून बोलायला जायचं नाही; गाडीतच, हात स्टिअरिंगवर.

आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर स्वतःच्या गाडीनेही उबर किंवा जेवण पोचवण्याची कामं करायची नाहीत; ती विनापरवाना नोकरी ठरते. दारू पिऊन चालवताना अटक झाली तर खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. 2025 च्या एप्रिलमध्ये अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी अचानक बंद झाल्या, त्यांत किरकोळ वाहतूक प्रकरणं असलेलेही होते. कोर्टकज्ज्यांनंतर महिनाअखेरीस सरकारने त्या परत सुरू करायला घेतल्या.

ऑगस्टमध्ये विमान असेल तर मेमध्येच आरटीओचं काम उरका: एलएमव्हीचं लायसन्स, पासपोर्टशी जुळणारं नाव, आयडीपी. आणि तिकडे पोचल्यावर पहिली गाडी घेताना भाड्याआधी विचारा, समोरच्याला लागलं तर विमा किती भरणार.