माहूरच्या रेणुकेचा वाद्यमेळ

जमैकात १९५०च्या दशकाअखेर मेंटो, कॅलिप्सो आणि जॅझ मिसळून ‘स्का’ हा संगीतप्रकार घडला. आपले गोंधळी अशी सरमिसळ शतकानुशतकं करत आले आहेत: देवीला आवतण, आख्यान, नाच, चुरचुरीत सवालजवाब, सगळं एकाच रात्रीत. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, तुळजाभवानीचे ते कदमराई. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्येही ‘गोंडली’ नृत्य येतं. मेळाचा कणा म्हणजे कमरेला बांधलेलं संबळ. जोडीतल्या एका तोंडावर टोकाशी वळलेली काठी पडते आणि घुमारा उठतो. तुणतुण्याची एकुलती तार सूर धरून ठेवते. परभणीच्या राजारामबापू कदमांनी हा गोंधळ अंगणातून मोठ्या रंगमंचावर नेला. संबळ आता फ्यूजन बँडमध्येही घुमतं. मला मात्र रात्रभर आख्यान पेलणारा नाईक, म्हणजे मेळाचा मुख्य गोंधळी, टिकणं अधिक निकडीचं वाटतं.